मोटारीची मालकी आणि दुरुस्तीचे ज्ञान : आग्रा रोडवरील चांदवडच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मोटारगाडीचा इतिहास सामान्यतः कारखाने आणि खरेदीदार यांच्या अनुषंगाने मांडला जातो. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील चांदवड या महामार्गावरील तालुक्याच्या गावाच्या संदर्भात गाडीची खरेदी, वापर, इंधन, दुरुस्ती आणि कागदपत्रे या दैनंदिन बाबींचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. गाडीची मालकी किती खरी हे तिच्या दुरुस्तीचे ज्ञान मालकाच्या आवाक्यात आहे की नाही यावर ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगावर विपुल लेखन झाले आहे. कोणता कारखाना केव्हा निघाला, त्याला परवाना कसा मिळाला, कोणती गाडी किती खपली, यांची माहिती सहज उपलब्ध असते. गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर मात्र ती इतिहासातूनही बाहेर पडते. वास्तविक तिचे खरे आयुष्य तेथूनच सुरू होते. ती पंधरा-वीस वर्षे धावते, तीन-चार मालकांच्या हातांतून जाते, अनेकदा बिघडते आणि तितक्याच वेळा दुरुस्त होते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापर आणि देखभाल यांच्या अंगाने लिहिला जावा, असा आग्रह धरला. हा दृष्टिकोन महाराष्ट्रातील निमशहरी भागाला विशेष लागू पडतो. येथे गाडी तयार झाली नाही, तिची जाहिरातही येथील माणसाला समोर ठेवून झाली नाही. तरीही ती येथे टिकविली गेली.

२. रस्त्यावरचे गाव

चांदवड हे सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, नाशिकपासून सुमारे ६५ कि.मी. व मालेगावपासून सुमारे ४० कि.मी. अंतरावर वसलेले आहे. रेणुकादेवीचे मंदिर, चांदवडचा किल्ला, डोंगरातील जैन लेणी आणि अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित असलेला रंगमहाल ही या गावाची परिचित स्थळे होत. होळकरांच्या काळात येथे टांकसाळ होती व 'चांदोरी' रुपया येथेच पाडला जाई. १८१८ मध्ये हा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला.

मुंबई-आग्रा रस्ता चांदवडवरून गेला. परंतु १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने निफाड, लासलगाव, मनमाड असा मार्ग धरला आणि चांदवड लोहमार्गापासून दूर राहिले. रेल्वे सुमारे २५ कि.मी. अंतरावरील मनमाडला. त्यामुळे मनमाडचे जंक्शन वाढले व चांदवडचा जुना व्यापार मागे पडला. पुढे रस्त्यावरील वाहतूक वाढली तेव्हा मात्र याच रस्त्याने गावाला पुन्हा महत्त्व प्राप्त करून दिले. ज्या गावाला रेल्वेस्थानक नाही, तेथे स्वतःचे वाहन ही चैनीची वस्तू म्हणून फार काळ राहू शकत नाही. दवाखाना, बाजार समिती, न्यायालय, लग्नकार्य यांसाठी एस.टी. अथवा खाजगी वाहन यांखेरीज पर्याय नसतो.

या रस्त्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे चांदवड-मालेगाव दरम्यानचा राहूड घाट. घाट गाडीची परीक्षा घेतो. चढताना रेडिएटर व क्लच यांची, तर उतरताना ब्रेकची. कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत नसलेले बरेचसे ज्ञान वाहनचालकांनी अशाच घाटांत मिळविले. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये न टाकणे, ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरविणे, तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच न उघडणे हे नियम महाराष्ट्रातील चालकांच्या किमान दोन पिढ्यांनी अनुभवातून शिकले आहेत.

३. परवान्याचा काळ : खरेदी म्हणजे प्रतीक्षा

मुंबईत मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. त्या काळात मोटार ही संस्थानिक, बडे व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांच्यापुरती मर्यादित होती. चांदवडवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडील इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या संग्रहात ड्यूसेनबर्ग व बुगाटीसारख्या गाड्या होत्या. अशा मालकाला गाडी कशी चालते हे ठाऊक असण्याची गरज नव्हती; ते ज्ञान पगारी माणसाकडे असे.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर त्याच दशकाच्या अखेरीस आली. मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश केंद्र सरकारने १९५९ मध्ये काढला. १९६९ मध्ये फियाट, अॅम्बॅसडर व स्टँडर्ड या गाड्यांच्या किमतीही सरकारने ठरवून दिल्या व तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोंदणी करावयाची, अनामत भरावयाची आणि क्रमांक लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, ही त्या काळातील नव्या गाडीच्या खरेदीची रीत होती. कोणती गाडी घ्यावी हा प्रश्नच उद्भवत नसे. जी मिळेल ती गाडी.

या टंचाईचा एक परिणाम असा की, जुन्या गाडीला मोठी किंमत आली. तालुक्याच्या गावातील डॉक्टर, वकील, अडते किंवा बागायतदार यांना मुंबईत अथवा नाशिकमध्ये वापरलेली गाडीच अधिक सुलभ होती. म्हणजेच अशा गावात मोटारीचा इतिहास दुसऱ्या मालकापासून सुरू होतो आणि दुसऱ्या मालकाला पहिली गरज भासते ती जाणत्या मिस्त्रीची.

४. मिस्त्री आणि त्याचे ज्ञान

महामार्गावरील गावात गॅरेज प्रथम उभे राहते ते मालमोटारींसाठी. टायरचे पंक्चर काढणारा, पाटे बदलणारा, वेल्डिंग करणारा, बॅटरी भरून देणारा, वायरिंग पाहणारा असे स्वतंत्र कसब असलेले कारागीर रस्त्याच्या कडेला एकत्र येतात. स्थानिक मोटार मालकाला त्यांचा आपोआप लाभ मिळतो. या व्यवस्थेचे शिक्षण गुरू-शिष्य परंपरेने चाले. हाताखालचा पोऱ्या प्रथम पाने ओळखण्यास शिके, मग गाडी धुणे, ऑइल बदलणे, प्लग साफ करणे आणि शेवटी इंजिन उघडणे. शासनाने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जाऊ लागला; तरी गॅरेजमधील शिक्षण समांतर चालूच राहिले.

फियाट आणि अॅम्बॅसडर यांची रचना या शिक्षणास अनुकूल होती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट व कंडेन्सर, डायनॅमो, फॅन बेल्ट हे सर्व भाग उघडे आणि हाताला लागणारे होते. गाडी सुरू होत नसेल तर मिस्त्री प्रथम ठिणगी पाही, नंतर पेट्रोल. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे, काळा आला तर पेट्रोलचे प्रमाण अधिक आहे, गरम इंजिनातूनही पांढरा धूर सतत येत राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये उतरत असावे, ऑइल दुधासारखे झाले तर हेड गॅस्केट गेले असावे, ही निदानपद्धती कान, नाक आणि डोळे यांवर आधारलेली होती. तीच जुनी गाडी घेतानाची परीक्षाही होती. म्हणून गाडी पाहावयास जाताना मिस्त्रीला सोबत नेण्याची प्रथा रूढ झाली.

या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही. सुटे भाग अनेकदा बनावट असत, बिलाची पावती क्वचितच मिळे, पोऱ्यांच्या श्रमाला कायद्याचे संरक्षण नसे आणि एका मिस्त्रीची चूक दुसऱ्याकडे दुप्पट खर्चाने निस्तरावी लागे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. दुरुस्ती मालकाच्या डोळ्यांदेखत होई. कोणता भाग काढला, तो का झिजला, तो घासून चालेल की बदलावा लागेल, यावर चर्चा होई व निर्णय मालक घेई. बागायतदार मालकाला ही चर्चा परकी वाटत नसे, कारण विहिरीवरील इंजिन आणि ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीतून ही भाषा त्याच्या परिचयाची झाली होती.

५. इंधनाचा प्रश्न

गाडी घेणे एक वेळचे असते, चालविणे रोजचे. १९७३ च्या जागतिक तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव एकदम वाढले आणि सर्वसाधारण मालकाच्या हिशेबात इंधनाला अग्रस्थान मिळाले. डिझेल दीर्घकाळ पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त ठेवण्यात आले होते. त्यामुळे पेट्रोलच्या जुन्या गाडीत डिझेल इंजिन बसवून घेण्याचा उद्योग देशभर फोफावला. असा बदल नोंदणी पुस्तकात लावून घेणे कायद्याने आवश्यक होते. नोंद नसल्यास गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना अडचण येई. पेट्रोलचे दर २०१० मध्ये व डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, दोहोंतील तफावत घटली आणि या उद्योगाचे कारणच उरले नाही.

इंधनाच्या इतिहासात चांदवडच्या शेजाराला एक गंभीर स्थान आहे. मनमाडजवळील पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. साठ्यांच्या आधाराने भेसळीचा काळा धंदाही वाढला. केरोसीन सवलतीच्या दरात मिळत असल्याने ते डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळण्यात मोठा नफा होता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ हा प्रकार रंगेहाथ पकडण्याचा प्रयत्न केला असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. मोटार मालकाच्या दृष्टीने भेसळ म्हणजे खराब झालेला इंधन पंप, चिकटलेले नोझल आणि घटलेली सरासरी. या घटनेने दाखवून दिले की, गॅरेजमध्ये 'कचरा आला' या दोन शब्दांत मिटविल्या जाणाऱ्या बिघाडामागे एक संघटित गुन्हेगारी उभी होती.

६. नाशिकची गाडी आणि बँकेचा हप्ता

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. तिची मूळ किंमत ५० हजार रुपयांच्या आत होती व ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन फियाटच्या तुलनेत किफायतशीर होते. तरीही ग्रामीण नाशिकच्या रस्त्यांवर दीर्घकाळ वर्चस्व राहिले ते जीपवर्गीय वाहनांचे. महिंद्रच्या जीप, ट्रॅक्स आणि १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो ही वाहने शेतरस्ता, लग्नाचे वऱ्हाड आणि 'काळी-पिवळी'तील प्रवासी वाहतूक या सर्वांना पुरत. सुमोचे नाव टाटा मोटर्सचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवण्यात आले होते. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेल्या इंडिकाने डिझेलवर चालणारी छोटी मोटार सामान्यांच्या आवाक्यात आणली.

नाशिक जिल्हा या काळात वाहनाचा ग्राहक होता तसाच उत्पादकही बनला. सातपूर औद्योगिक वसाहतीतील मायको (२००८ पासून बॉश) या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझल व इंजेक्टर तयार होत. महिंद्रच्या नाशिक कारखान्यातून बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००७ मध्ये रेनॉच्या सहकार्याने लोगन ही गाडी बाहेर पडली. पुढील काळात मोटार दुरुस्तीचे स्वरूप ज्या भागाने सर्वाधिक बदलले तो डिझेलचा इंजेक्टर चांदवडपासून तास-दीड तासाच्या अंतरावर तयार होत होता. त्याची दुरुस्ती करण्याचे साधन मात्र चांदवडच्या रस्त्यावरील गॅरेजपर्यंत सहजासहजी पोहोचणारे नव्हते.

खरेदीची पद्धतही बदलली. पूर्वी साठविलेल्या पैशातून किंवा पतसंस्थेच्या उचलीतून गाडी येई. आर्थिक उदारीकरणानंतर बँका व वित्तसंस्था हप्त्यावर गाडी देऊ लागल्या. नोंदणी पुस्तकावर बोजा चढला व मालकीत तिसरा पक्ष आला. पगारदारास मासिक हप्ता सोयीचा असला तरी कांदा, द्राक्ष, डाळिंब यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबाचे उत्पन्न मासिक नसते. कांद्याचा भाव एका हंगामात तेजीत असतो तर दुसऱ्या हंगामात काढणीचा खर्चही निघत नाही. हप्त्याची तारीख मात्र कायम असते. कर्ज फिटल्यावर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घेण्याकडे होणारे दुर्लक्ष हे गाडी विकताना आढळणाऱ्या अडचणींचे एक नित्याचे कारण आहे.

७. कागदपत्रांची देखभाल

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील तरतुदींनुसार त्रयस्थ पक्षाचा विमा १९४६ पासून सक्तीचा झाला. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती असलेल्या गाड्यांच्या गावाला या वाढीची झळ अधिक बसते हे उघड आहे.

मालकी हस्तांतराची बाब याहून महत्त्वाची होय. गाव-खेड्यांत फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन, नाव न बदलता गाडी वापरण्याची सवय रुजलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. म्हणजे गाडी विकून पैसे घेतलेला मनुष्यही नुकसानभरपाईस पात्र ठरू शकतो. गाडीचे इंजिन जसे सांभाळावे लागते तसा कागदही सांभाळावा लागतो, याची जाणीव या निकालाने करून दिली.

विमा कंपन्यांच्या रोकडरहित सेवेनेही दुरुस्तीची दिशा बदलली. कंपनीच्या यादीतील वर्कशॉपमध्ये गाडी नेल्यास मालकाला आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत. छोटे गॅरेज सहसा या यादीत नसते. शिवाय सर्वसाधारण पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. पूर्वी बंपर पत्र्याचा असे व ठोकून सरळ करता येई. आता तो प्लॅस्टिकचा असून बदलावा लागतो आणि निम्मी किंमत मालकाला सोसावी लागते.

८. संगणक, सेवा केंद्र आणि दुरुस्तीचा हक्क

प्रदूषण नियंत्रणाचे निकष कडक होत गेले तसे इंजिन बदलले. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपण पद्धतीने घेतली, भारत स्टेज-४ हे निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर व भारत स्टेज-६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. हवेच्या दृष्टीने हा बदल निःसंशय हितकारक आहे. गाड्याही पूर्वीपेक्षा कमी बिघडतात. परंतु बिघाडाचे निदान आता कान-नाक-डोळ्यांऐवजी स्कॅनर करतो आणि त्या स्कॅनरचे सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात असते. डॅशबोर्डवर दिवा लागला की चांदवडच्या मालकाला अनेकदा नाशिक किंवा मालेगावचा रस्ता धरावा लागतो. दिवसभराची मजुरी, इंधन आणि टोल यांची भर दुरुस्तीच्या खर्चात पडते.

या प्रश्नाची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या मूळ सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात उपलब्ध करून देत नाहीत आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द करण्याची भीती घालतात, हा त्यांवरील ठपका होता. कंपन्यांनी या आदेशास आव्हान दिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ मध्येच मोटार दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यास मंजुरी दिली होती. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. या उपक्रमात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही समाविष्ट आहेत, ही बाब चांदवडसारख्या शेतीप्रधान तालुक्यासाठी लक्षणीय आहे. ज्या गॅरेजमध्ये मोटार दुरुस्त होत नाही त्याच गॅरेजमध्ये उद्या ट्रॅक्टरही दुरुस्त होणार नाही, आणि ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत थांबून चालत नाही.

येथे स्थानिक शिक्षणसंस्थांची भूमिका महत्त्वाची ठरते. चांदवड येथे १९२८ पासून श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम ही संस्था कार्यरत असून तिच्या परिसरात अभियांत्रिकी शिक्षणाचीही सोय आहे. महामार्गाच्या एका बाजूला पदवी घेणारे विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला अनुभवाने शिकलेले मिस्त्री अशी रचना असताना या दोन ज्ञानपरंपरांचा परस्परसंबंध जोडणे अशक्य नाही. स्कॅनरवरील संकेतांक वाचणे, सेन्सर तपासणे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील उच्च दाबाच्या बॅटरीपाशी सुरक्षितपणे काम करणे यांचे अल्पमुदतीचे शिक्षण मिस्त्रींना मिळू शकते. उलटपक्षी, झिजलेल्या भागाची पारख मिस्त्रीकडून विद्यार्थ्यांना शिकता येईल.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) चांदवडसारख्या रेल्वेपासून वंचित पण महामार्गावर वसलेल्या गावात खाजगी मोटारीचा प्रसार प्रतिष्ठेबरोबरच गरजेतून झाला आणि तो प्रामुख्याने जुन्या गाड्यांच्या द्वारे झाला.

२) परवाना काळात गाडी मिळविणे दुर्घट होते, पण मिळालेली गाडी टिकविण्याचे ज्ञान स्थानिक होते. उदारीकरणोत्तर काळात गाडी मिळविणे सुलभ झाले, तर ती टिकविण्याचे ज्ञान गावाबाहेर गेले.

३) मालकी ही वित्तसंस्था, विमा कंपनी, नोंदणी प्राधिकरण व उत्पादक यांच्यात विभागली गेली. मालकाच्या जबाबदाऱ्या वाढल्या; त्याचे निर्णयस्वातंत्र्य त्या प्रमाणात वाढले नाही.

४) स्वतंत्र गॅरेज टिकणे हा एका व्यवसायापुरता प्रश्न नाही. सेवा केंद्रापासून दूर राहणाऱ्या नागरिकाला आपले वाहन माफक खर्चात चालू ठेवता यावे, यासाठी सुटे भाग, निदानाची साधने आणि त्यांचे शिक्षण गावापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

पूर्वी रेल्वे दूर गेली तेव्हा चांदवडला रस्त्याचा आधार होता. दुरुस्तीचे ज्ञान दूर गेल्यास त्याच रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला टोइंगच्या वाहनाखेरीज दुसरा आधार उरणार नाही. म्हणून दुरुस्तीच्या हक्काविषयीचे धोरण ठरविताना महानगरांतील ग्राहकाइतकाच तालुक्याच्या गावातील दुसरा मालक आणि त्याचा मिस्त्री यांचाही विचार होणे अगत्याचे आहे.